सामानासह मोटरसायकल प्रवास: ओझे चढवण्यापासून उतरवण्यापर्यंत

मोटारीत ४० किलो सामान ठेवले तर तिच्या १,२०० किलोंच्या वजनात जेमतेम ३ टक्क्यांची भर पडते आणि चालकाला ती जाणवतही नाही. तेच ४० किलो १५० किलोंच्या मोटरसायकलवर चढवले की वजन पाव हिश्शाहून अधिक वाढते. शिवाय हे वाढीव वजन बहुतेक वेळा सीटच्या वर आणि मागच्या चाकाच्याही मागे जाऊन बसते. त्यामुळे पुढचे चाक हलके होते, वळण रुंद पडते, ब्रेक लवकर तापतात आणि रोज बोटाच्या इशाऱ्यावर चालणारी गाडी हँडलला उशिरा उत्तर देऊ लागते. किती वजन नेले यापेक्षा ते कुठे ठेवले याचा परिणाम अनेकदा मोठा असतो, आणि पुढच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीभोवती फिरतात.

आधी हिशेब

प्रत्येक मोटरसायकलच्या माहितीपुस्तिकेत दोन वजने दिलेली असतात: तेल आणि इंधन भरलेल्या रिकाम्या गाडीचे वजन आणि चालक, सहप्रवासी व सामान धरून तिला पेलता येईल असे कमाल एकूण वजन. दुसऱ्यातून पहिले वजा केले की वहनक्षमता मिळते. समजा ती १५० किलो आहे. चालक ७५ किलो आणि मागे बसणारी व्यक्ती ६५ किलो असेल, तर सामानासाठी फक्त १० किलो उरतात, आणि दोघांची हेल्मेट, जाकिटे, बूट व सामानाच्या रिकाम्या पेट्यांचे वजनही त्यातच धरावे लागते. दोघांनी आठवडाभराचे सामान घेऊन निघायचे ठरवले, तर लहान गाडीवर ते बसणार नाही हे कागदावरच कळते. हा हिशेब न करता निघालेल्यांची संख्या मोठी असावी, कारण गाडी कुरकुर न करता चालू लागते. मर्यादा ओलांडल्याचे कळते ते पहिल्या खड्ड्यात किंवा पहिल्या जोरदार ब्रेकच्या वेळी.

स्वतंत्र मर्यादा कॅरिअरला आणि त्यावर बसवलेल्या पेटीला, म्हणजे टॉप बॉक्सलाही असते. ती बहुधा ५ ते १० किलोंच्या दरम्यान असते आणि कॅरिअरवर किंवा पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेली आढळते. पेटीत जागा भरपूर आहे म्हणून तितके वजन चालेल असे नाही. कॅरिअरची चौकट गाडीच्या मागे लोंबकळत असते आणि प्रत्येक धक्क्याला तिच्या वेल्डिंगवर ताण येतो.

गाडीला ओझ्यासाठी तयार करणे

सुरुवात टायरमधील हवेपासून करावी. बहुतेक गाड्यांच्या चेनकव्हरवर किंवा मागच्या फोर्कवर, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांवर, चिकटवलेल्या पट्टीवर हवेचे दोन आकडे असतात, एक एकट्या चालकासाठी आणि दुसरा दोघांसाठी किंवा पूर्ण भारासाठी. मागच्या टायरचा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा काही पीएसआयने जास्त असतो आणि सामान नेताना तोच पाळावा. दाब टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान २-३ तास उभी राहिल्यानंतर मोजावा. धावून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि तो जास्त वाटून हवा काढली, तर थंड झाल्यावर टायर मऊ पडतो. कमी हवेचा टायर भाराखाली अधिक दबतो, त्याच्या बाजूच्या भिंती सतत वाकून तापतात आणि हीच उष्णता तो फुटण्याचे कारण ठरते.

त्याच वेळी टायरची नक्षी पाहावी. खाचांच्या तळाशी आडव्या बारीक उंचवट्यांच्या खुणा असतात. नक्षी झिजून त्या पातळीवर आली असेल तर लांबच्या प्रवासाआधी टायर बदलावा. टायरच्या बाजूवर चार अंकी खूणही असते. तिचे पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. शेजारी ५२पी यासारखी खूण दिसते. त्यातील ५२ चा अर्थ हा टायर २०० किलो पेलतो आणि ‘पी’चा अर्थ तो ताशी १५० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी बनवला आहे. टायर बदलताना पूर्वीपेक्षा कमी क्षमतेचा घेऊ नये.

यानंतर मागचे शॉकअब्सॉर्बर. स्प्रिंगच्या बुडाशी पायऱ्या असलेली कडी असते आणि गाडीच्या हत्यारांमधील वाकड्या पान्याने ती फिरवून स्प्रिंगवरचा पूर्वताण वाढवता येतो. दोन शॉकअब्सॉर्बर असतील तर दोन्ही एकाच पायरीवर आणावेत. हे काम बहुतेक जण टाळतात, पण माझ्या मते संपूर्ण तयारीत कमी श्रमांत सर्वाधिक फरक पाडणारे काम हेच आहे. मागची बाजू बसलेली राहिली की गाडीचा तोल मागे जातो, पुढच्या चाकावरचा भार आणि पकड कमी होते, आणि हेडलाइट वर उचलला जाऊन समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून पूर्ण सामान चढवून, स्वतः बसून, संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करावी आणि प्रकाशाची रेघ रिकाम्या गाडीच्या वेळी जिथे पडत होती तिथेच पडते का हे पाहावे. ती वर गेली असेल तर दिव्याचा स्क्रू फिरवून खाली आणावी.

चेनचा सैलपणाही भारासह तपासावा. मागचा फोर्क दबतो तसे पुढचे स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक), फोर्कची खीळ आणि मागच्या चाकाचा आस एका रेषेत येऊ लागतात आणि चेन ताणली जाते. रिकाम्या गाडीवर घट्ट वाटेल अशी बसवलेली चेन भाराखाली इतकी ताणली जाऊ शकते की गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर येतो. पुस्तिकेत दिलेला सैलपणा पाळावा आणि शंका असल्यास तो वरच्या मर्यादेकडे ठेवावा. ब्रेकचे पॅड किंवा लाइनर, ब्रेक ऑइलची पातळी, सर्व दिवे आणि आरसे यांची तपासणी रोजचीच आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब उतारावर ते उकळले तर लिव्हर पोकळ लागतो. दोन वर्षांहून जुने ब्रेक ऑइल भरलेल्या गाडीवर ओझे घेऊन डोंगराळ रस्त्याला जाऊ नये.

सामान कुठे ठेवावे

चालकाचे डोके, पुढच्या चाकाचा आस आणि मागच्या चाकाचा आस हे तीन बिंदू मनातल्या मनात जोडावेत. तयार होणाऱ्या त्रिकोणाच्या आत, आणि जितके खाली जमेल तितके, जड सामान ठेवावे. बाहेर जे जाईल ते हलके असावे. या नियमामागे साधी तरफ आहे. मागच्या आसाच्या मागे टांगलेले १० किलो त्या आसाभोवती गाडी फिरवू पाहतात आणि पुढचे चाक उचलतात, तर तेच १० किलो सीटच्या मध्यावर ठेवले तर दोन्ही चाकांत वाटले जातात. वेग वाढल्यावर हा फरक जीवावर बेतू शकतो, कारण मागे आणि उंचावर लादलेली गाडी ठरावीक वेगानंतर शेपूट हलवल्यासारखी डुलू लागते.

हत्यारे, पाण्याच्या बाटल्या, सुटे भाग आणि चार्जर यांसारख्या जड वस्तू दोन्ही बाजूंच्या सॅडलबॅगांच्या तळाशी, त्यांतही पुढच्या, म्हणजे चालकाकडच्या कोपऱ्यात ठेवाव्यात. दोन बाजूंच्या वजनात २ किलोंहून अधिक फरक राहू देऊ नये; घरातल्या वजनकाट्यावर दोन्ही बॅगा मोजण्यास दोन मिनिटे लागतात. कपडे आणि अंथरूण सीटवरच्या लांबट बॅगेत जातात. टॉप बॉक्समध्ये पावसाचा पोशाख, हातमोजे आणि कागदपत्रे अशा हलक्या, वारंवार लागणाऱ्या वस्तू ठेवाव्यात. टाकीवरची बॅग उपयोगी आहे, कारण ती त्रिकोणाच्या मध्यभागी असते, पण ती बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहावे. बॅग हॉर्नचे बटण दाबत असेल, क्लचच्या केबलला अडकत असेल किंवा स्पीडोमीटर झाकत असेल तर ती लहान करावी. चुंबकाची बॅग पत्र्याच्या टाकीलाच धरते. प्लास्टिकच्या आवरणावर ती निव्वळ ठेवलेली राहते.

हँडलला पिशवी अडकवू नये, अगदी भाजीची हलकी पिशवीही नाही. ती हँडलच्या प्रत्येक हालचालीबरोबर झुलते आणि पुढच्या चाकात किंवा ब्रेकच्या लिव्हरमध्ये जाऊ शकते. पाठीवरची जड सॅकही टाळावी. तासाभरात तिचे वजन खांद्यांवरून कमरेत उतरते, आणि पडल्यास आतली कठीण वस्तू थेट पाठीच्या कण्यावर आदळते.

बांधणी

हुक असलेल्या लवचीक दोऱ्या सर्वत्र मिळतात आणि घाईत सोयीच्या वाटतात, पण सामान बांधण्याचे मुख्य साधन म्हणून त्या वापरू नयेत. त्या ताणल्या जातात, म्हणजे सामानाला हलायला जागा देतात. आणि बांधताना हुक सुटला तर तो उलटून डोळ्याला मोठी इजा करू शकतो. एकदा माझ्या मागच्या बॅगेची अशी दोरी खराब रस्त्यावर सुटली आणि चाकात ओढली गेली. वेग कमी होता म्हणून चाक अडकून गाडी जागीच थांबली, आणि दोरी काढायला अर्धा तास लागला. त्या दिवसापासून मी बकल असलेले चपटे, न ताणले जाणारे पट्टेच वापरतो आणि लवचीक जाळी फक्त वरून, रेनकोट खोचण्यापुरती ठेवतो.

प्रत्येक बॅगेला किमान दोन पट्टे लावावेत आणि ते एकमेकांना छेदतील अशा दिशांनी नेऊन गाडीच्या चौकटीच्या किंवा कॅरिअरच्या धातूच्या भागाला अडकवावेत. इंडिकेटर, नंबरप्लेट आणि प्लास्टिकची आवरणे हे आधार नव्हेत. बॅग हाताने पकडून जोरात हलवावी. बॅगेबरोबर पूर्ण गाडी हलली तर बांधणी बरोबर, एकटी बॅग सरकली तर नव्याने बांधावी. उरलेली टोके लोंबत न ठेवता गुंडाळून पट्ट्याखाली खोचावीत किंवा गाठ मारून बंद करावीत. बॅग सायलेन्सरपासून दूर आहे ना, हे रिकाम्या गाडीवर तपासून भागत नाही. चालक बसल्यावर मागचा भाग दबतो आणि वीतभर वाटलेले अंतर दोन बोटांवर येते. टेललाइट, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट मागून पूर्ण दिसायला हवेत. निघाल्यावर १०-१५ किलोमीटरांनी थांबून सर्व पट्टे पुन्हा ओढावेत, कारण तोपर्यंत बॅगांमधले सामान खाली बसलेले असते आणि पट्टे हमखास सैल झालेले असतात.

अंगावर काय असावे

१९३५ साली ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि लेखक टी. ई. लॉरेन्स यांचा मोटरसायकल अपघातात डोक्याला मार लागून मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये असलेले मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे सैन्यातील मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून हेल्मेटचा उपयोग दाखवून दिला. त्यानंतर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट घ्यावे. ते डोक्यावर घट्ट बसावे, पट्टा लावून मागून पुढे ओढले तरी निघू नये, आणि एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे, कारण आतील फोम एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो.

पडताना माणूस हात पुढे टाकतो, म्हणून हेल्मेटच्या खालोखाल हातमोजे महत्त्वाचे. घोटा झाकणारे बूट, कोपर-खांदे-गुडघ्यांना कठीण आवरण असलेला पोशाख आणि दुरून दिसणारा रंग हवा. बुटाची नाडी आत खोचावी. ती गिअरच्या पायपट्टीत अडकली तर थांबताना पाय जमिनीवर टेकत नाही.

रस्त्यावर येण्याआधी मोकळ्या जागेत

पूर्ण सामान बांधल्यानंतर थेट महामार्गावर जाऊ नये. एखाद्या रिकाम्या मैदानात किंवा वाहने नसलेल्या रस्त्यावर अर्धा तास द्यावा. आधी पायी चालण्याच्या वेगाने सरळ जावे, क्लच अर्धवट धरून आणि मागचा ब्रेक हलका दाबून. मग दोन्ही बाजूंना आठच्या आकड्यासारखी वळणे घ्यावीत. भरलेल्या गाड्या बहुतेक वेळा पडतात त्या वेगात नव्हे, तर थांबता थांबता, हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबल्यामुळे. गाडी थांबवण्याआधी हँडल सरळ करण्याची सवय इथेच लावून घ्यावी.

नंतर ब्रेकचा सराव करावा. ताशी ३० आणि मग ४० किलोमीटर वेगाने येऊन दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत. पुढचा लिव्हर झटका देऊन ओढू नये; आधी हलका दाबून गाडीचे वजन पुढे येऊ द्यावे आणि मग दाब वाढवत न्यावा. एरवी थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो, आणि ओझे असतानाही मुख्य भरवसा त्याच्यावरच असतो. मात्र मागच्या चाकावर भार वाढल्यामुळे मागच्या ब्रेकला नेहमीपेक्षा अधिक पकड मिळते आणि तो अधिक उपयोगात आणता येतो. हा बदल वाचून कळत नाही, पाच-सहा वेळा थांबल्यावर पायाला कळतो.

चालवताना

ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर आणि ८० ने सुमारे २२ मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद लागतो असे धरले आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक उत्तम लागले असे मानले, तरी ५० ला थांबायला एकूण सुमारे २८ मीटर आणि ८० ला सुमारे ५७ मीटर लागतात. वेग दुपटीपेक्षा कमी वाढला, अंतर मात्र दुप्पट झाले, कारण थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. सामानाचे वजन याच ऊर्जेत भर घालते. म्हणून एकट्याने चालवताना पुढच्या वाहनामागे २ सेकंदांचे अंतर पुरत असेल, तर ओझ्यासह ३ आणि पावसात ४ किंवा अधिक सेकंद ठेवावेत. पुढचे वाहन एखाद्या खांबापासून गेले की मोजायला सुरुवात करावी आणि आपण तिथे पोहोचेपर्यंत किती सेकंद झाले ते पाहावे.

वळणाआधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करून योग्य गिअर घ्यावा. वळणात नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवावी, कारण गाडी नजरेमागे जाते. खड्ड्याकडे किंवा दरीच्या कठड्याकडे टक लावून पाहणारा तिकडेच ओढला जातो. कलण्यासाठी वळणाच्या दिशेचे हँडल हलके पुढे ढकलावे: उजवीकडे जायचे असेल तर उजवा हात पुढे. भरलेल्या गाडीला हा दाब अधिक आणि थोडा आधी द्यावा लागतो. ओव्हरटेक करताना इंजिनचा उत्साह नेहमीसारखा नसतो हे लक्षात ठेवून रिकाम्या गाडीला लागले असते त्याहून बरेच लांब मोकळे अंतर असल्याशिवाय बाहेर पडू नये.

चौकांविषयी एक जुना अभ्यास आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागी जाऊन केलेल्या तपासणीचा अहवाल १९८१ साली संशोधक हॅरी हर्ट यांच्या गटाने प्रसिद्ध केला. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांत दुसऱ्या वाहनचालकाने मोटरसायकलच्या हक्काचा मार्ग अडवला होता, आणि बरेचदा त्याला ती दिसलीच नव्हती. भरलेली गाडी ऐनवेळी झटकन बाजूला घेता येत नाही. त्यामुळे आडव्या रस्त्यावर वाहन थांबलेले दिसले की वेग उतरवावा, बोटे ब्रेकवर ठेवावीत आणि त्या वाहनाच्या पुढच्या चाकाकडे पाहावे; चालकाच्या चेहऱ्यापेक्षा चाक लवकर खरे सांगते.

लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नयेत. खालचा गिअर घेऊन इंजिनने गाडी रोखावी आणि ब्रेक थोड्या वेळासाठी पण ठामपणे लावून सोडावेत, म्हणजे त्यांना थंड व्हायला वेळ मिळतो. पावसाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून निसरडा थर तयार होतो. रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणे आणि रेल्वेचे रूळ ओले असताना त्यांवर गाडी सरळ ठेवावी आणि रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडावेत. रुंद सॅडलबॅगा शिडासारखा वारा धरतात, म्हणून पुलावर आणि मोठ्या ट्रकच्या शेजारून जाताना धक्का बसणार हे गृहीत धरून गुडघे टाकीला टेकवावेत आणि हात सैल ठेवावेत.

गाडी वेगात डुलू लागली तर हँडल घट्ट आवळू नये आणि जोराने ब्रेकही लावू नये. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा, अंग पुढे झुकवावे आणि वेग उतरल्यावर बाजूला थांबून मागचे सामान पुढे व खाली आणावे. मागचा टायर पंक्चर झाल्यावरही शेपूट असेच वळवळते. तेव्हा मागचा ब्रेक न वापरता पुढचा अगदी हलका लावून, सरळ रेषेत, थांबावे.

मागे कोणी बसणार असेल तर

त्या व्यक्तीला निघण्यापूर्वी चार गोष्टी सांगाव्यात: सांगितल्याशिवाय चढू किंवा उतरू नये, पाय थांबल्यावरही फुटरेस्टवरच ठेवावेत, वळणात वळणाच्या आतल्या बाजूच्या खांद्यावरून पुढे पाहावे, आणि ब्रेकच्या वेळी चालकावर न रेलता गुडघ्यांनी आधार घ्यावा. चढताना चालकाने दोन्ही पाय जमिनीवर आणि पुढचा ब्रेक दाबून ठेवावा. ज्याचे पाय फुटरेस्टपर्यंत पोहोचत नाहीत अशा मुलाला बॅगांच्या मधे बसवून नेऊ नये.

थकवा

दीड ते दोन तासांनी थांबावे, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. ताशी ८० किलोमीटर वेगात ३ सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर चालकाविना गेलेली गाडी. गेल्या काही किलोमीटरांचा रस्ता आठवत नसेल, तर पुढच्या गावापर्यंत ताणू नये, तिथेच थांबावे.

उभी करणे आणि उतरवणे

भरलेली गाडी साइड स्टँडवर उभी करताना स्टँडखाली सपाट दगड किंवा लाकडाची फळी ठेवावी, कारण मऊ मातीत आणि तापलेल्या डांबरात स्टँड रुततो. चढावर तोंड वरच्या बाजूला करावे आणि पहिला गिअर टाकून ठेवावा. पाय उंच फिरवून बसताना बूट बॅगेला अडकतो आणि गाडी विरुद्ध बाजूला जाते, तेव्हा पाय सीटवरून सरळ आरपार न्यावा. सामान उतरवताना एक बाजू पूर्ण रिकामी करून मग दुसरीकडे जाऊ नये. गाडी डबल स्टँडवर घेऊन दोन्ही बाजू आलटूनपालटून हलक्या कराव्यात.

मुक्कामी पोहोचून गाडी रिकामी केल्यावर शॉकअब्सॉर्बरची कडी, टायरची हवा आणि हेडलाइटचा स्क्रू पुन्हा एकट्याच्या मापावर आणावेत. भारासाठी ताठ केलेली मागची स्प्रिंग रिकाम्या गाडीवर खड्ड्यांत चाक उडवते, आणि खाली केलेला हेडलाइट दुसऱ्या रात्री रस्ता अपुरा दाखवतो. चेनचा सैलपणा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी, ती थंड असताना पाहावा.